भिंतीवरची रेघ अन् ३० मीटरचा चौकोन

मामेबहिणीचं बीएस्सी यंदा संपतंय. तिने परवा फोन करून विचारलं, "ताई, तू केलं तेच घेऊ का मी पण? जिओमॅटिक्स अन् एन्व्हायर्न्मेंट? त्यात असतं तरी काय?" मी मेट्रोत होती, सीताबर्डीला उतरायची घाई, पटकन म्हटलं घे, चांगलं आहे, सॉफ्टवेअर शिकवतात, फील्डवर नेतात. फोन ठेवला अन् तेव्हापासून ते उत्तर डोक्यात खुपून राहिलंय, कारण एमएस्सीची दोन वर्षं जे केलं, जिओमॅटिक्स म्हणजे जमीन मोजून ती नकाशावर आणायचं शास्त्र, अन् त्याच्या जोडीला पर्यावरण, ते या दोन वाक्यांत बसतच नाही. तिला नीट सांगायला पाहिजे होतं. म्हणून आज रविवारी लिहायला बसली, तिच्यासाठीच, पण जे कोणी असाच विचार करून राहिले असतील त्यांनीही वाचा.

आमच्या विभागात पहिल्या सेमिस्टरला सरळ दोन पार्ट्या होत्या. एक बाटलीवाले, म्हणजे केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी करून आलेले, अन् दुसरे नकाशावाले, म्हणजे जॉग्रफी, जिऑलॉजी नाहीतर सिव्हिलचे. मी बाटलीवाली. बाटलीवाल्यांना वाटायचं खरं सायन्स आमचं, बाकीचे कॉम्प्युटरवर रंग भरतात, अन् नकाशावाल्यांना वाटायचं हे लोक घाण पाणी भरून आणतात अन् सहा बाटल्यांवरून अख्ख्या शहराबद्दल बोलतात. डबा खायलासुद्धा वेगवेगळे बसायचो. हे सगळं दुसऱ्या सेमिस्टरमध्ये मोडलं, अन् कसं मोडलं तेच मला सांगायचंय.

पहिलं मोठं प्रॅक्टिकल नाग नदीवर होतं. जिच्यावरून गावाला नाव पडलं ती नदी, अन् आमच्यातल्या अर्ध्या जणांनी लहानपणापासून तिला नालाच म्हटलेलं. पश्चिमेला लाव्याच्या बाजूच्या टेकड्यांकडून पाणी येतं, मग अंबाझरी तलाव, तिथून शहराच्या मधोमध, पूर्वेला पिवळी नदी येऊन मिळते, पुढे कन्हान, मग वैनगंगा, अन् वैनगंगेवर गोसेखुर्दचं धरण. म्हणजे आपल्या घरच्या बेसिनमधून गेलेलं पाणी भंडाऱ्याकडे जाऊन साठतं, हे मला एमएस्सीला आल्यावर नीट कळलं, घर नदीपासून दहा मिनिटांवर असून.

पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, मोजायची जी विंकलरची पद्धत आहे ती १८८८ सालची, अजून तीच शिकवतात अन् शिकवायलाच पाहिजे, कारण ती डोळ्यांना दिसते. ३०० मिलीची काचेची बाटली असते, पाणी भरताना आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन आपला आकडा बिघडवतो. मग नदीच्या काठावरच त्यात मँगनस सल्फेट टाकायचं, अल्कली आयोडाइड अझाइड टाकायचं, बूच घट्ट लावून उलटीसुलटी करायची अन् थांबायचं. पाण्यात ऑक्सिजन असला तर तपकिरी साका खाली बसतो, नसला तर पांढरा. तपकिरी आला तर पुढे अ‍ॅसिड टाकून पिवळं होतं, मग थायोसल्फेटने टायट्रेशन, स्टार्च टाकला की निळं, अन् ज्या थेंबाला निळं उडतं तिथं हात थांबवायचा. लाव्याकडच्या बाटलीत छान तपकिरी आला. शहर ओलांडल्यावर भांडेवाडीच्या पुढे भरलेली बाटली घेऊन आम्ही तिघी उभ्या, नाकाला दुपट्टे बांधलेले, अन् आत पांढरं पांढरं फिरत फिरत खाली उतरलं, निवळीखाली कण बसतात ना तसं. आम्ही बाटली परत हलवली, वाटलं केमिकल कमी पडलं असेल. परत पांढरंच. मॅडम मागून आल्या, बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली अन् म्हणाल्या, "हलवू नका आता. ऑक्सिजन नाहीच आहे यात." बस एवढंच बोलल्या. आकडे मी आधी खूप वाचले होते गं, पण शून्य कसा दिसतो ते त्या दिवशी पाहिलं, तो पांढरा दिसतो.

त्याच पाण्याचा बीओडीपण काढला, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते. आपल्याकडे तो २७ अंशांला ३ दिवस ठेवून काढतात, परदेशी पुस्तकांत २० अंशांला ५ दिवस लिहिलेलं असतं, तू पुस्तक वाचून परीक्षेत गोंधळशील म्हणून आत्ताच सांगून ठेवते, आपली हवा गरम म्हणून आपली पद्धत वेगळी.

पण खरा धडा रिपोर्ट लिहिताना मिळाला. माझ्या वहीत बाटली नंबर ४ च्या पुढे लिहिलं होतं, "पुलाजवळ". नाग नदीवर पूल किती आहेत ते नागपूरकरांना सांगायला नको. नकाशा शिकवणारे सर तेव्हा सहज लॅबमध्ये आले होते, त्यांनी विचारलं, "कोणत्या पुलाजवळ?" मी सांगितलं. "पुलाच्या अलीकडे का पलीकडे? तिथं डाव्या बाजूने एक नाला येऊन मिळतो, तो मिळायच्या आधीचं पाणी का नंतरचं?" मला सांगता येईना. मैत्रिणीला विचारलं, तीपण गप्प. दोनशे मीटरचा फरक, पण त्या दोनशे मीटरमध्ये पाणी बदलतं. सर रागावले नाहीत, त्यांनी माझ्याच पेनने चार नंबरचा आकडा खोडला अन् वही परत दिली. तीन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवलेली बाटली, तिघींची मेहनत, सगळं मोजमाप बरोबर, अन् तरी तो आकडा कशाचाच नव्हता. त्या दिवसापासून मी नकाशावाल्यांच्या लॅबमध्ये जायला लागली.

आता नकाशावाल्यांकडचं सांगते. जीपीएस घेऊन परत नदीवर गेली, सगळे पॉइंट घेतले, क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकले, अन् स्क्रीनवर नाग नदी ओडिशात. खरंच, अंगुलच्या आसपास. दोन रात्री मी फाइली उघडून बंद करत बसली, परत पॉइंट टाकले, परत ओडिशा. शेवटी सरांकडे गेली तर त्यांनी चूक सांगितली नाही, म्हणाले, "आधी मोज, नदी किती सरकली ते." मोजलं तर बरोबर सहा अंश पूर्वेला, ना उत्तरेला सरकली ना दक्षिणेला. "मग सहा अंशांचं काय असतं?" अन् लख्खकन लक्षात आलं. पृथ्वी गोल, कागद सपाट, म्हणून यूटीएम पद्धतीत जगाचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे पाडलेत. पुणे-मुंबई ४३ नंबरच्या पट्ट्यात येतात, नागपूर ४४ मध्ये, पट्टा बदलतो ७८ रेखांशावर, म्हणजे अमरावती ४३ मध्ये अन् वर्धा ४४ मध्ये, आपल्या विदर्भाच्या मधूनच ती रेष जाते. मी पुण्याच्या एका सिनियरची तयार शीट वापरून आकडे काढले होते, ते ४३ चे निघाले, अन् लेयरला, म्हणजे नकाशातल्या त्या थराला, नाव दिलं ४४ चं. मग सहाशे किलोमीटरच्या वर नदी पूर्वेला जाऊन बसली. ही चूक परत कधीच झाली नाही, अन् त्याहून मोठं म्हणजे ती सवय लागली की चुकलं तर घाबरून सगळं पुसायचं नाही, चूक किती आहे अन् कोणत्या दिशेला आहे ते आधी मोजायचं. रसायनशास्त्रात तीन वर्षं घालवून मला हे कोणी असं शिकवलं नव्हतं.

टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा, पहिल्यांदा टेबलावर पसरली तेव्हाचं पण आठवतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीटवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. नागपूरची शीट ५५ ओ/४, अन् ७९ रेखांशाच्या पश्चिमेला हिंगण्याकडचा भाग येतो ५५ के/१६ वर, त्यामुळे आपलं गाव पूर्ण पाहायचं तर दोन शीटा शेजारी लावाव्या लागतात. जुन्या शीटा एव्हरेस्टच्या गोलावर, म्हणजे पृथ्वीचा आकार त्याने धरला तसा धरून बनवलेल्या, मोबाइलमधलं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ नावाच्या दुसऱ्या गोलावर चालतं, मधला बदल नीट केला नाही तर रस्ता शेजारच्या शेतातून जाताना दिसतो. तर हा एव्हरेस्ट म्हणजे ज्याचं नाव शिखराला दिलं तोच, अन् त्याच्या आधी हे सगळं मोजायचं काम सुरू केलं विल्यम लॅम्ब्टनने, १८०२ मध्ये, मद्रासहून. वीस वर्षं मोजत मोजत हा माणूस वर सरकत आला, अन् जानेवारी १८२३ मध्ये नागपूरकडे येता येता हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. माझं आजोळ हिंगणघाट! दर उन्हाळ्यात तिथं जायची, अन् हे मला एमएस्सीच्या वर्गात कळलं. मग पुढच्या खेपेला मामाला घेऊन मुद्दाम गेली. मामा म्हणाला, "काय पाहून राहिली एवढं?" मी त्याला सांगत बसली की साखळीने, नुसत्या साखळीने अन् कोन मोजायच्या यंत्राने या लोकांनी देश मोजला, अन् मामापण मग थांबून ऐकत राहिला.

अन् झिरो माइल तर आपल्या रोजच्या रस्त्यावरचं. विधानभवनाकडे जाताना बसमधून हजारदा पाहिलेलं, चार घोडे अन् खांब, बाहेरगावचे लोक फोटो काढतात. लेव्हलिंगच्या, म्हणजे उंची मोजायच्या, पहिल्या तासाला सरांनी तिथं नेलं अन् घोड्यांकडे पाहू नका म्हणाले, दगडावरचं वाचा. जीटीएस बेंचमार्क (जीटीएस म्हणजे लॅम्ब्टनने सुरू केलेला तोच सर्व्हे, बेंचमार्क म्हणजे उंची पक्की मोजून ठेवलेली खूण), १९०७, समुद्रसपाटीपासून उंची १०२०.१७१ फूट. फुटाचा हजारावा भाग! समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, अन् तिथून पावलापावलाने उंची आणत आणत या दगडापर्यंत पोचवली. मी तेव्हा नुसतं वा वा केलं. त्या तीन दशांश अंकांची किंमत मला दीड वर्षाने कळली, पुराच्या कामाच्या वेळी.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट कोण विसरेल. शुक्रवारच्या रात्री पाऊस सुरू झाला, चार तासांत जवळपास १०० मिलिमीटर, अंबाझरी भरून वाहायला लागला अन् नाग नदी काठावरच्या वस्त्यांमध्ये शिरली. लोक झोपेत होते. शहरात माणसं गेली, हजारो घरांत पाणी घुसलं. माझी मावशी डागा लेआउटच्या बाजूला राहते, तळमजला. सकाळी आठला आम्ही पोचलो तेव्हा मावशी जिन्यात बसलेली, पाय चिखलात, अन् हातात फक्त गॅसचं पुस्तक अन् देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. आठ दिवस आम्ही तिचं घर धुतलं. कपाटातला एकेक कागद वाळत घातला. मग विभागात गेली अन् मॅडमना म्हटलं की मला डिझर्टेशन याच्यावरच करायचंय.

सुरुवात कॉम्प्युटरवरून केली, कारण सगळे तसंच करतात. एसआरटीएमचा डेटा घेतला, फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलमधून रडारने जी जमीन मोजली होती तो, फुकट मिळतो, ३० मीटरचे चौकोन, प्रत्येक चौकोनाला एक उंची, तीही पूर्ण मीटरमध्ये. त्यावर पाणी सोडलं, म्हणजे मॉडेल चालवलं, रंगीत नकाशा आला, निळा निळा, बघायला फार सुंदर. अन् मावशीची गल्ली त्यात कोरडी. मी ते पाहत बसली. जिथला चिखल आठ दिवस माझ्या नखांतून निघत नव्हता ती गल्ली नकाशात कोरडी होती. कारण सोपं आहे, ३० मीटरच्या चौकोनात मावशीचं घर, समोरचा रस्ता, कडुनिंब, शेजारची तीन मजली बिल्डिंग, सगळं मिळून एकच आकडा होतो, अन् नदीची भिंत तर फूट-दीड फूट जाडीची, ती त्या चौकोनाला दिसणारच नाही. डेटा खोटा नव्हता गं, तो अख्ख्या जिल्ह्याचं पाणी कुठून कुठे उतरतं ते छान सांगतो. त्याला गल्ली विचारणंच चूक होतं. (उपग्रहाच्या तापमानाचंपण तसंच. लँडसॅट आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, १६ दिवसांनी परत येतो, अन् तो सांगतो जमिनीचं, छपराचं तापमान, सावलीतल्या पेटीत मोजतात त्या हवेचं नाही. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रावर नागपूरचं तापमान ५६ अंश दिसलं अन् देशभर बातम्या झाल्या, नंतर सेन्सर बिघडल्याचं जाहीर झालं. इथला अधिकृत उच्चांक मे २०१३ मधला ४७.९ अंशांचा. तेव्हा घरचे सगळे मला विचारत होते की खरं आहे का, अन् मी पहिला प्रश्न हाच विचारला की कशाचं तापमान, कुठे, कोणत्या यंत्राने.)

तर मग गल्लीत जाऊन मोजायचं ठरलं. जानेवारीत मी, दोन नकाशावाले पोट्टे अन् एक बाटलीवाली मैत्रीण, असे चौघं ऑटो लेव्हल अन् स्टाफ घेऊन निघालो. स्टाफ म्हणजे लांब उभी मोजपट्टी. यंत्र तिपाईवर एका जागी आडवं सपाट ठेवायचं, ज्या जागेची उंची माहीत आहे तिथं स्टाफ उभी करून वाचायचं, ती बॅकसाइट, मग पुढच्या जागी स्टाफ नेऊन वाचायचं, ती फोरसाइट, दोन्हींतला फरक म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक. असं यंत्र उचलत, स्टाफ पुढे नेत, विभागाच्या बेंचमार्कपासून मावशीच्या गल्लीपर्यंत अन् परत. गणित चौथीतलं, बेरीज-वजाबाकी. पण फेरी पूर्ण करून सुरुवातीच्या जागी आलं की उंची तीच यायला पाहिजे, अन् आमची ६१ मिलिमीटरने चुकली. साडेपाच किलोमीटरच्या फेरीला चालतो २८ च्या आसपास, नियम आहे, किलोमीटरचं वर्गमूळ गुणिले १२. अख्खा रविवार वाया. घरी येऊन लेव्हल बुक घेऊन बसली, ओळ न् ओळ तपासली, वजाबाकी सगळी बरोबर. मग मला आठवलं, एका चौकात आम्ही स्टाफ गटाराच्या चेंबरच्या झाकणावर ठेवली होती, अन् बॅकसाइट घेताना वाचणाऱ्याने म्हटलं होतं थांब, स्टाफ हलली. हलली नव्हती, झाकण खाली-वर होत होतं. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला परत सगळं केलं, थंडी, धुकं, हातमोजे घालून फोकस फिरवता येत नाही म्हणून बोटं गार, पण झाकणावर पाय द्यायचा नाही, फक्त पक्क्या पायरीवर नाहीतर कल्व्हर्टच्या दगडावर. फरक आला १९ मिलिमीटर. आम्ही चौघांनी तिथंच रस्त्यावर उड्या मारल्या, दूधवाला पाहत राहिला. मग तर्री पोहे. झिरो माइलच्या दगडावरचे ते तीन दशांश अंक मला त्या सकाळी समजले.

आता पुराची खूण. चार महिने झालेले, बऱ्याच जणांनी दिवाळीच्या आधी रंग मारून घेतलेला, कोण ठेवेल ती चिखलाची रेघ घरात. मग आम्ही दारोदार जाऊन विचारलं, पाणी कुठपर्यंत होतं. लोक हाताने दाखवतात, अन् हात कुठे ठेवला ते मोजायला सोपं असतं, पण आधी विचारावं लागतं. एक आजोबा छातीवर हात ठेवून म्हणाले, "एवढं." मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही तेव्हा उभे कुठं होते?" ते दोन मिनिटं गप्प, मग उठले, काठी घेऊन हळूहळू फाटकापर्यंत गेले, परत आले, अन् ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर उभे राहिले. "इथं. इथं होतो. हिचा हात धरून." आजी आतून बघत होत्या. मी त्यांच्या छातीच्या उंचीला स्टाफ लावली अन् वाचणाऱ्याला आवाज दिला, अन् माझा आवाज नीट निघाला नाही.

मावशीच्या शेजारच्या काकूंकडे मात्र खरं घबाड मिळालं. त्या रात्री लाइट गेलेली, मुलाला माळ्यावर चढवलेलं, अन् काकू स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून होत्या. पाणी वाढायचं थांबलं असं वाटलं तेव्हा त्यांनी मुलाच्या कंपासपेटीतली पेन्सिल घेऊन फ्रिजमागच्या भिंतीवर रेघ मारली अन् मोबाइलच्या उजेडात बाजूला वेळ लिहिली, ५.४०. मी विचारलं काकू, का लिहिली? "म्हटलं वाढलं तर कळलं पाहिजे ना बाई, पोराला घेऊन कधी निघायचं ते." रेघ सरळ, वेळेसकट. विभागातले सर नंतर तो फोटो बघून खुर्चीतून उठले होते. एवढी चांगली नोंद आमच्या अख्ख्या डेटात दुसरी नव्हती, अन् ती एका बाईने कमरेएवढ्या पाण्यावर बसून केली होती.

अशा ४३ खुणा झाल्या. त्या नकाशावर मांडल्यावर कळलं की पाणी सपाट नव्हतं. आपण म्हणतो ना पाणी आपली पातळी शोधतं, ते तळ्यातलं पाणी. वाहतं पाणी उतरतं असतं, वळणावर बाहेरच्या बाजूला चढतं, भिंतीला अडलं की अलीकडे फुगतं. दोन घरं शेजारी शेजारी अन् खुणांत ४० सेंटिमीटरचा फरक, आम्हाला वाटलं परत चूक, जाऊन पाहिलं तर मधे एका जुन्या कंपाउंडची भिंत, तिने पाणी धरून ठेवलेलं.

अन् बाटल्या? बाटल्यापण होत्या. पूर ओसरल्यावर ऑक्टोबरमध्येच मॅडमनी आम्हाला त्या भागातल्या विहिरी अन् बोअरचं पाणी तपासायला लावलं होतं, एचटूएसच्या छोट्या बाटल्या, त्यात पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायचं, काळं झालं तर त्यात मैल्याचं पाणी मिसळलंय असं समजायचं. या वेळी प्रत्येक बाटलीपुढे जागा नीट लिहिलेली, "पुलाजवळ" नाही. जानेवारीत आम्ही त्याच विहिरींच्या कठड्यांची उंचीपण लेव्हलने घेतली. मग एका रात्री लॅबमध्ये मी अन् नकाशावाला मित्र बसलो, पुराच्या पातळीचा लेयर खाली अन् काळ्या बाटल्या वर. ज्या विहिरींचा कठडा पाण्याखाली गेला त्या काळ्या, हे अपेक्षितच होतं. पण एक विहीर कठडा पाण्याच्या चांगला वर असून काळी होती. पुराचं पाणी तिच्यात गेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, विहिरीपासून पाच-सहा पावलांवर जुनी ड्रेनेजची लाइन. तिथल्या लोकांनी सांगितलं ती किती वर्षांची आहे ते त्यांच्या वडिलांनाच माहीत. ती विहीर पुराने खराब झाली नव्हती, ती आधीपासूनच खराब होती, अन् ते लोक पाणी उपसून, पावडर टाकून, आता साफ झालं म्हणून परत वापरायला लागले होते. नुसत्या बाटलीने हे कळलं नसतं, सगळ्यांसारखं आम्हीपण पुरावर ढकललं असतं. नुसत्या नकाशाने तर कळणारच नव्हतं, नकाशात ती विहीर सुरक्षित होती. आम्ही दोघं संध्याकाळी परत त्या घरी गेलो अन् सांगितलं की प्यायला वापरू नका. त्या घरात एक सात महिन्यांचं बाळ होतं.

म्हणून तुला सांगते, कोणी विचारलं की मेन विषय कोणता, पर्यावरण का जिओमॅटिक्स, तर मला अजून उत्तर देता येत नाही.

बाकी व्यवहाराचं पटकन सांगते. गणिताला घाबरू नको, पण सोडूही नको, स्टॅटिस्टिक्स रोज लागतं. पायथन थोडं तरी शिकून ये. सॉफ्टवेअर तिथं शिकवतात ते पुढे बदलतं, क्यूजीआयएस फुकट आहे, आत्ताच लॅपटॉपवर टाकून बघ. फील्डवर मुलींना खरा त्रास उन्हाचा नाही, बाथरूमचा होतो, त्यामुळे पाणी कमी प्यायची सवय लागते अन् मग चक्कर येते, माझ्यासोबत झालंय, तू तसं करू नको, दारात जाऊन विचार, आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. अन् एप्रिलनंतर दहाच्या आत काम संपव. नोकरीचं म्हणशील तर आपण नशीबवान आहोत की नागपुरात राहतो. नीरी, म्हणजे पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था, इथं, माती सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो अमरावती रोडवर, एमआरसॅक, म्हणजे उपग्रहाच्या डेटावर काम करणारं राज्याचं केंद्र, इथं, इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र इथं, सेमिनरी हिल्सला जिऑलॉजिकल सर्व्हे, भूजलवाल्यांचं ऑफिस इथं. सगळ्यांना कायमची नोकरी तिथं मिळत नाही, प्रोजेक्टवर घेतात, वर्ष-दोन वर्षं, पगार बेताचा, पण इंटर्नशिपला जाऊन त्या लोकांच्या टेबलाशेजारी बसायला मिळतं हे दुसऱ्या गावच्या पोरांना मिळत नाही. माझी एक मैत्रीण तिथूनच पुढे पीएचडीला गेली. मी सध्या एका खाजगी ठिकाणी ड्रोनचा डेटा साफ करते, आठ तास स्क्रीनसमोर, फील्ड महिन्यातून एकदा. मला फील्डची आठवण येते, हे खरं आहे.

मागच्या दिवाळीत मावशीकडे गेली होती तर काकूंनी हाक मारून आत बोलावलं. घराला नवा रंग, पिस्ता कलर, फ्रिजपण नवा. म्हणाल्या, "बाई, रेघ गेली गं. रंगवाल्याला सांगायचं राहिलं, अन् त्याने पुसून टाकली. मुलगा फार चिडला." मी म्हटलं काकू, थांबा. डिझर्टेशनची फाइल फोनमध्ये होतीच. त्यांच्या फाटकाच्या पायरीची उंची आम्ही घेतलेली, रेघेचीपण घेतलेली, पायरीपासून रेघ १ मीटर ३७ सेंटिमीटर वर. यंत्र नव्हतं, मग काकांच्या टूलबॉक्समधून पारदर्शक पाइप काढला, गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात तो, त्यात पाणी भरलं, एक टोक मुलाने फाटकाजवळ पायरीवर उभ्या केलेल्या काठीला धरलं, १ मीटर ३७ वर, दुसरं टोक मी स्वयंपाकघरात भिंतीला. मुलगा बाहेरून ओरडत होता, "ताई, जरा खाली... अजून... बस, बस!" पाणी दोन्हीकडे थांबलं. काकूंनी फ्रिज सरकवला, पेन्सिल आणली, या वेळी मुलाने रेघ मारली अन् बाजूला नीट अक्षरात लिहिलं, २३ सप्टेंबर २०२३, पहाटे ५.४०.